झोपेतून उठताना आढळलेला अर्धांगवायू : तीन वेळा, एक गुठळी आणि ती काढणारी उशिराची थ्रॉम्बेक्टॉमी

पुढील प्रकरण कोणा एका रुग्णाचे नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातून शहरातील रुग्णालयात येणाऱ्या पक्षाघाताच्या रुग्णांमध्ये ज्या गोष्टी वारंवार दिसतात, त्या एकत्र करून ते अभ्यासासाठी बेतले आहे, आणि म्हणूनच त्यातील माणसे व रुग्णालये निनावी आहेत. निर्णयांना ज्या संशोधनाचा आधार दिला आहे ते मात्र सर्व प्रसिद्ध झालेले आहे.

रुग्ण ५४ वर्षांच्या शेतकरी बाई. गाव सांगली जिल्ह्यातील, शहरापासून सुमारे ५५ किलोमीटर. मधुमेह नाही, रक्तदाबाची गोळी नाही. दोनेक वर्षांपासून डोक्यावर वैरणीचा भारा घेतला की दम लागायचा, पण तो वयाचा म्हणून कोणी मनावर घेतला नव्हता. रात्री १० वाजता जेवून त्या झोपल्या. सकाळी ६ वाजता सून चहा ठेवायला उठली, तेव्हा सासूबाई खाटेशेजारी जमिनीवर होत्या. उजवा हात आणि पाय लुळा पडलेला, तोंड डावीकडे ओढलेले, दोन्ही डोळे डावीकडे वळलेले. हाक मारली की त्या बघत, पण तोंडातून शब्द येत नव्हता.

‘वारं गेलं’ हे घरातल्या सर्वांना लगेच कळले. आपल्या भाषेत या आजाराला इतके नेमके आणि इतके जुने नाव आहे की ओळख पटायला कधी वेळ लागत नाही. वेळ जातो तो त्या नावामागून येणाऱ्या उपायांत. कोणी तेल चोळायला सांगतो, कोणी वारं उतरवणाऱ्याचा पत्ता देतो, तर कोठे कोठे अजूनही कबुतराचे रक्त चोळले जाते. या घरात शेजारच्या आशाताईंनी, म्हणजे गावातील आशा स्वयंसेविकेने, ते थांबवले आणि ६.२० वाजता १०८ क्रमांकावर फोन लावला. ७.०५ वाजता रुग्ण जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचल्या.

तेथे सीटी स्कॅनची सोय नव्हती. रक्तातील साखर १३२ आणि रक्तदाब १७२/९८ भरला. तिथल्या डॉक्टरांनी दोन गोष्टी केल्या नाहीत आणि न करून फार मोठे काम केले. ॲस्पिरिन दिले नाही, कारण मेंदूत रक्तस्राव झाला आहे की रक्तपुरवठा तुटला आहे हे सीटीशिवाय कोणालाही सांगता येत नाही. रक्तदाब उतरवण्यासाठी जिभेखाली गोळीही ठेवली नाही. मुख्य वाट बंद झालेली असताना उरलेल्या आडवाटांनी जे काही रक्त पोहोचते ते त्या वाढलेल्या दाबामुळेच पोहोचते. गुठळी विरघळवण्याचे औषध द्यायचे असेल तरी १८५/११० पर्यंतचा दाब चालतो. चूक झाली ती एवढीच की सवयीने ग्लुकोजची बाटली लावली गेली. वाढलेली साखर इजा झालेल्या मेंदूला आणखी घातक ठरते, म्हणून रुग्णवाहिकेत ती काढून साधे सलाइन लावण्यात आले. निघण्यापूर्वी शहरातील रुग्णालयाला फोन गेला होता, त्यामुळे ८.२० वाजता स्ट्रेचर तपासणी कक्षात न थांबता थेट सीटीच्या दारात गेले.

सोबतच्या चिठ्ठीवर लिहिले होते : ‘आज सकाळी ६ वाजता उजव्या बाजूचा अर्धांगवायू.’

या एका ओळीवर संपूर्ण उपचार चुकीच्या रस्त्याला लागला असता. ६ ही आजार दिसल्याची वेळ होती, सुरू झाल्याची नव्हे, आणि हा घोटाळा इतका सर्रास होतो की निवासी डॉक्टरांनी पहिला प्रश्न चिठ्ठी बाजूला ठेवूनच विचारला.

“दादा, आईशी शेवटचं नीट कोण बोललं, आणि किती वाजता?”

“मीच की, मॅडम. ह्या आठवड्यात आमच्याकडं रात्रीची लाईट हाय. दारं धरायला निघालो तर आईनंच उठून कडी लावून घेतली. म्हणली, बॅटरी घे, पायाखाली बघून जा.”

“वाजले किती होते?”

मुलाने फोन काढला. विहिरीचा भागीदार मोटर चालू करायला आला का, हे विचारण्यासाठी त्याने घरातून बाहेर पडताच फोन केला होता. फोनच्या नोंदीत वेळ होती २.०४.

म्हणजे या प्रकरणात तीन वेळा आहेत, आणि प्रत्येक वेळ वेगळ्या उपचाराकडे नेते. सकाळी ६ धरले तर अवघी २ तास २० मिनिटे झालेली दिसतात आणि गुठळी विरघळवण्याचे औषध बिनदिक्कत दिले जाते. तो निर्णय चुकीच्या माहितीवर उभा असता. रात्री १० धरले तर १० तास २० मिनिटे होतात. खरी नोंद २.०४ ची, म्हणजे ६ तास १६ मिनिटांची. रुग्ण शेवटची धडधाकट दिसली ती वेळ, एवढीच वेळ वैद्यकशास्त्र ‘सुरुवात’ म्हणून मान्य करते. प्रत्यक्ष आघात २.०४ ते ६ यांच्यामध्ये कधी झाला हे घड्याळ सांगू शकत नव्हते, आणि गेल्या दहा वर्षांतील प्रगतीचा गाभा हाच आहे की आता ते मेंदूच्या प्रतिमेला विचारता येते.

१९९५ मध्ये अमेरिकेतील एनआयएनडीएस या राष्ट्रीय मेंदूविकार संस्थेच्या चाचणीने गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज हे औषध ३ तासांच्या आत दिल्यास उपयोगी पडते हे दाखवले. २००८ मध्ये युरोपातील चाचणीने ही मुदत साडेचार तासांवर नेली. त्यानंतरही बरीच वर्षे घड्याळ हाच एकमेव निकष राहिला. झोपेतून उठल्यावर लक्षणे आढळणारे रुग्ण, म्हणजे साधारण दर पाचांतील एक, या हिशेबात बसतच नव्हते. आपल्या बाईंना २०१० मध्ये हा आजार झाला असता तर सीटी, ॲस्पिरिन आणि नंतर व्यायाम, एवढेच त्यांच्या वाट्याला आले असते. ही गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण त्या काळात ‘उशीर झाला’ हे दोन शब्द नातेवाइकांना सांगण्यात आमच्या पिढीच्या डॉक्टरांची कितीतरी वर्षे गेली.

मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला दर मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागते. ते २० च्या खाली गेले की पेशी काम थांबवतात, पण जिवंत असतात. १० च्या खाली गेले की काही मिनिटांत मरतात. या दोन पातळ्यांच्या मधल्या भागाला ग्रहणातील उपच्छायेचे नाव दिले गेले आहे. उसाला पाणी देणाऱ्या माणसाला हे समजावून सांगणे सोपे जाते. मोठा पाट बुजला तरी शेजारच्या चाऱ्यांमधून थोडे पाणी झिरपत राहते आणि तेवढ्यावर कडेचा ऊस काही काळ तग धरतो. किती काळ, हे त्या चाऱ्यांवर अवलंबून असते. मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यावर दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात, हा २००६ मध्ये मांडलेला आकडा सरासरीचा आहे. चाऱ्या चांगल्या असतील तर हा वेग खूप कमी असतो, नसतील तर कितीतरी अधिक.

सीटीमध्ये रक्तस्राव नव्हता. डाव्या मधल्या मस्तिष्क धमनीच्या सुरुवातीला गुठळीची पांढरी रेघ दिसत होती. १० गुणांच्या ॲस्पेक्ट्स मोजणीत ८ गुण राहिले, म्हणजे धमनीच्या १० विभागांपैकी २ मध्येच इजा उमटली होती. त्याच टेबलावर केलेल्या, रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी अँजिओग्राफीत धमनीचा पहिला भाग पूर्ण बंद आणि आडवाटांचा पुरवठा चांगला दिसला. पाठोपाठ मेंदूच्या कोणत्या भागात रक्त किती पोहोचते हे दाखवणारा पर्फ्यूजन स्कॅन झाला. संगणकाने मेलेला गाभा १८ मिलिलिटर आणि रक्त उशिरा पोहोचणारा एकूण भाग ११२ मिलिलिटर दाखवला, म्हणजे ९४ मिलिलिटर मेंदू अजून हाती होता. तीव्रतेच्या ४२ गुणांच्या एनआयएचएसएस मोजणीत, जिथे गुण जितके जास्त तितका आघात मोठा, बाईंचे १७ गुण होते.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. संगणकाचे रंगीत नकाशे काही मिनिटांत तयार होतात आणि ते इतके पटण्याजोगे दिसतात की डोळे त्यांच्यावरच खिळतात. पण हृदय अनियमित चालत असेल तर स्कॅनसाठी शिरेतून दिलेले औषध मेंदूपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, स्कॅन त्याआधीच संपतो आणि गाभ्याचे व उपच्छायेचे आकारमान चुकू शकते. बाईंची नाडी अनियमित होती. म्हणून औषध येण्याजाण्याचा मूळ आलेख उघडून तो पूर्ण उतरला आहे ना, हे रेडिओलॉजिस्टनी स्वतः पाहिले. तो उतरलेला होता.

एमआरआय का केला नाही, असे कोणी विचारील. २०१८ च्या वेक-अप चाचणीत हाच प्रश्न एमआरआयने सोडवला होता : डिफ्यूजन प्रतिमेत इजा दिसते पण फ्लेअर प्रतिमेत अजून उमटलेली नाही, तर आघाताला बहुधा साडेचार तास झालेले नाहीत. त्या ५०३ रुग्णांमध्ये औषध मिळालेल्यांपैकी ५३.३ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी ४१.८ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत होते. पण तो मार्ग प्रामुख्याने अशा रुग्णांसाठी आहे ज्यांची गुठळी धमनीत नळी घालून काढायची नसते. येथे मोठी धमनी बंद होती, असे काम करण्याची खोली, म्हणजे कॅथलॅब, त्याच इमारतीत होती, आणि एमआरआयसाठी रुग्णाला पुन्हा हलवण्यात जाणारी मिनिटे निर्णयात काहीही नवी भर घालणार नव्हती.

मोठ्या धमनीतील गुठळी जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून नळी घालून काढणे, म्हणजेच थ्रॉम्बेक्टॉमी, हा उपचार २०१५ मध्ये एका वर्षात सिद्ध झाला. नेदरलँड्समधील ५०० रुग्णांच्या एमआर क्लीन चाचणीने सुरुवात केली आणि पाठोपाठ आणखी चार चाचण्यांनी तेच सांगितले. पण त्या बहुतेक पहिल्या सहा तासांतल्या होत्या. २०१८ मध्ये डॉन आणि डिफ्यूज-३ या दोन चाचण्यांनी मुदत अनुक्रमे २४ आणि १६ तासांपर्यंत नेली, मात्र प्रतिमांमध्ये गाभा लहान आणि वाचण्याजोगा भाग मोठा असेल तरच. डिफ्यूज-३ चा निकष गाभा ७० मिलिलिटरच्या आत आणि एकूण भाग गाभ्याच्या किमान १.८ पट असा होता. येथे तो सहापटीहून अधिक होता. बाई दोन्ही चाचण्यांच्या निकषांत बसत होत्या. गाभा याहून बराच मोठा असता तरी आज दार पूर्ण बंद झाले नसते, कारण २०२२ आणि २०२३ मधील चाचण्यांनी मोठा गाभा असलेल्या रुग्णांनाही या उपचाराचा फायदा दाखवला आहे; फक्त मुलाला सांगायची आशा वेगळी असती.

कॅथलॅबला नेण्यापूर्वी गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज द्यावे का, यावर दोन डॉक्टरांमध्ये मतभेद झाला. हे औषध एकाच इंजेक्शनमध्ये देता येते, तासभर ठिबकवावे लागत नाही, आणि भारतात ते पुण्यात तयार होते. कॅनडातील २०२२ च्या चाचणीत ते अल्टेप्लेजपेक्षा कमी ठरले नाही, त्यामुळे ग्रामीण रुग्णालयांसाठी ते मोठेच वरदान आहे. पण साडेचार तासांनंतर काय? २०२४ च्या टाइमलेस चाचणीत साडेचार ते चोवीस तासांमध्ये ते दिल्याने थ्रॉम्बेक्टॉमी होणाऱ्या रुग्णांना वेगळा फायदा दिसला नाही. त्याच वर्षीच्या चीनमधील ट्रेस-३ चाचणीत मात्र ज्यांना थ्रॉम्बेक्टॉमी उपलब्धच नव्हती अशा निवडक रुग्णांना फायदा झाला : जवळजवळ पूर्ववत झालेले ३३ टक्के विरुद्ध २४.२ टक्के. या दोन निकालांत विरोध नाही. कॅथलॅब दोन-तीन तासांवर असती तर औषध देणे योग्य ठरले असते; ती जिन्याच्या पलीकडे असल्याने ते दिले नाही. माझ्या मते निर्णय बरोबर होता, आणि हाच निर्णय दुर्गम जिल्ह्यातील रुग्णालयात चुकीचा ठरला असता.

मुलाशी बोलायला सात मिनिटे मिळाली. त्याने विचारले, “आई वाचेल का?” प्रामाणिक उत्तर असे होते की या उपचाराने जीव वाचण्याची शक्यता फारशी बदलत नाही, डॉन चाचणीत दोन्ही गटांतील मृत्यू जवळजवळ सारखेच होते. बदलते ते पुढचे आयुष्य. त्या चाचणीतील २०६ रुग्णांपैकी उपचार मिळालेल्यांतले ४९ टक्के तीन महिन्यांनी स्वतःचे स्वतः करू शकत होते, न मिळालेल्यांतले १३ टक्के. त्रास देणारा रक्तस्राव ६ टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात ३ टक्क्यांना. मुलाने टक्के ऐकून घेतले आणि एकच विचारले, “म्हणजे ती हातानं जेवेल?” तेवढी शक्यता आहे, असे सांगून सही घेतली.

९.१२ वाजता जांघेतील धमनीत सुई गेली. पूर्ण भूल दिली नाही, हलकी गुंगी दिली. गुठळीतून पलीकडे बारीक नळी नेऊन तिच्यातून जाळी उघडली, ती गुठळीत रुतावी म्हणून काही मिनिटे तशीच ठेवली, आणि मग मोठ्या नळीने शोषत जाळी मागे ओढली. पहिल्या वेळी अर्धीच गुठळी आली. दुसऱ्या वेळी उरलेली निघाली आणि ९.४९ वाजता धमनीच्या सर्व फांद्या पडद्यावर भरताना दिसल्या. गॉजवर ठेवलेली गुठळी जेमतेम तांदळाच्या दोन दाण्यांएवढी होती.

नंतरच्या चोवीस तासांत रक्तदाब १८०/१०५ च्या आत ठेवला, पण मुद्दाम खाली आणला नाही. धमनी उघडल्यानंतर वरचा दाब १२० च्या खाली ठेवल्याने रुग्णांचे नुकसान होते, हे २०२२ मध्ये चीनमधील चाचणीने दाखवले आहे. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणीसुद्धा दिले नाही. दुसऱ्या दिवशीच्या सीटीत मेंदूच्या खोल भागात लहान इजा होती, रक्तस्राव नव्हता. १७ गुणांचे ६ झाले होते.

तिसऱ्या दिवशीचा एक प्रसंग. एनआयएचएसएसमध्ये वस्तूंची नावे विचारण्यासाठी एक छापील चित्रपट्टी असते. तिच्यावर हातमोजा, किल्ली, निवडुंग, खुर्ची, पीस आणि दोन झाडांना बांधलेला परदेशी झोपाळा असतो. बाईंनी किल्ली आणि खुर्ची थांबत थांबत सांगितली, हातमोज्यावर अडखळल्या, आणि झोपाळ्याला ‘झोळी’ म्हणाल्या. निवासी डॉक्टरांनी ते चूक धरले. पण ऊसतोडीच्या वेळी बांधावरच्या झाडाला लेकरासाठी जे बांधतात ती झोळीच असते, आणि ते उत्तर अगदी बरोबर होते. गुण दुरुस्त केला. मोजपट्टी परक्या अंगणातली असली की तिच्यावर आपल्या माणसाची वाचा मोजताना फार जपावे लागते, कारण याच गुणांवरून पुढचा उपचार ठरतो.

गुठळी आली कोठून, हा प्रश्न त्याआधीच सुटू लागला होता. ईसीजीमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, होते. एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मायट्रल झडपेचे तोंड १.३ चौरस सेंटिमीटर भरले; निरोगी माणसात ते ४ ते ६ असते. डावा कर्णिका कप्पा फुगलेला, त्यात रक्त धुरासारखे घुटमळत होते. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का, असे विचारल्यावर बाईंच्या थोरल्या बहिणीला आठवले : “चौथीत असताना हिला दोन महिने अंथरुणात ठेवली होती.” तो संधिवाताचा ताप होता, आणि भाऱ्याखाली लागणारा दम त्याच झडपेचा होता.

या निदानाने औषधाची निवड उलटी फिरली. एट्रियल फिब्रिलेशन म्हटले की आज बहुतेक रुग्णांना रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या दिल्या जातात, ज्यांना वारंवार रक्ततपासणी लागत नाही, आणि खेड्यातील रुग्णासाठी तीच सोय मोठी वाटते. पण झडप संधिवाताने अरुंद झालेली असेल तर हिशेब वेगळा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत साडेचार हजारांहून अधिक रुग्णांमध्ये जुन्या वॉरफेरीनच्या गटाने नव्या गोळ्यांपैकी रिवारॉक्सबॅनला मागे टाकले आणि मृत्यूही वॉरफेरीनच्या गटात कमी झाले. नवे ते चांगले, या समजुतीला येथे जागा नाही. गोळी सुरू कधी करायची, यावरच्या ताज्या चाचण्या लवकर सुरू करण्याच्या बाजूने झुकतात, पण त्या नव्या गोळ्यांच्या आहेत आणि अशा झडपेचे रुग्ण त्यांत नव्हते. वॉरफेरीनचा परिणाम यायला मुळातच काही दिवस लागतात. म्हणून इजा लहान आणि रक्तस्राव नाही हे पाहून चौथ्या दिवशी ते सुरू केले.

आठव्या दिवशी बाई ३ गुणांसह, काठी न घेता, मुलाचा हात धरून घरी गेल्या. रक्त किती पातळ झाले हे सांगणारा आयएनआर २ ते ३ मध्ये राहिला पाहिजे, हे सुनेला वहीत लिहून दिले. मेथी, पालकाने वॉरफेरीनचा परिणाम कमी होतो, तरी त्या बंद करायला सांगितले नाही. आठवड्याला जेवढी भाजी नेहमी होते तेवढीच होऊ द्या, कधी खूप आणि कधी अजिबात नाही असे करू नका, असे सांगितले. ही सूचना पाळता येण्यासारखी असते. ‘पालेभाजी वर्ज्य’ ही सूचना सुगीच्या दिवसांत कोणीच पाळत नाही.

सहाव्या आठवड्यात आयएनआर १.६ आला. तालुक्याच्या प्रयोगशाळेत तपासणी बुधवारी होते आणि लागोपाठ दोन बुधवारी बस चुकली होती. मात्रा वाढवली, तारखा आशाताईंना कळवल्या, पुढच्या वेळी २.४ आला.

तीन महिन्यांनी तपासणीला आल्या तेव्हा उजव्या हाताने जेवत होत्या. भाकरी थापता येते, पण सुईत दोरा ओवता येत नाही. बोलताना नाव अडले की त्या डोळे मिटून वस्तू हाताने दाखवतात आणि मग शब्द येतो. त्या दिवशी ‘परात’ यायला जवळपास अर्धे मिनिट लागले. अन्ननलिकेतून केलेल्या एकोत कर्णिकेत गुठळी उरलेली नाही असे दिसल्याने झडप फुग्याने रुंद करण्यासाठी त्यांना हृदयरोग विभागात पाठवले आहे. ऊस कारखान्याला गेल्यावर, फेब्रुवारीत, तो उपचार करायचे ठरले आहे.